वरची ओळ

॥ श्री ॥
बडोदे, ५ ऑगस्ट १९९८

चि. संयोगितास अनेक आशीर्वाद. इकडील सर्व क्षेम.

केमिस्ट्रीची पदवी घेतलेली पोरगी एम.सी.ए.ला नाशिकला कशाला धाडली, असं धनाजीकाका विचारत होते. म्हटलं, नंदेसरीच्या रसायन कारखान्यात पंचवीस वर्षं मी जो वास घेतला तो एका घराला पुरे. खोकला आहे, पण आता तो घरचाच झालाय. फोन करू नकोस. माझ्याऐवजी तोच बोलतो.

वर क्षेम लिहिलंय ते तपासून. दारात कुणी ‘केम छो’ विचारलं की मीही ‘मजामां’ म्हणतो. तो शिष्टाचार झाला. क्षेम म्हणजे जबानी. तुझे पणजोबा पिलाजीराव रिसाल्यात होते. घोड्यावरून पडून पाय मोडला तेव्हा त्यांनी पत्रात पाऊस, चारा सगळं लिहिलं, फक्त क्षेम गाळलं. घरची माणसं चौथ्या दिवशी हजर! आपल्यात खोटं क्षेम लिहीत नाहीत, आणि रडगाणं तर मुळीच नाही.

लोभ आहेच, त्यातला थोडा अभ्यासावर ठेव.
आबा

नाशिक, २ सप्टेंबर

ती. आबांस शि. सा. न. वि. वि. इकडे सर्व क्षेम (तपासलेलं नाही!).

वर्गात सगळे कॉम्प्युटर शिकून आलेले, मी एकटी बेंझिनवाली. पहिल्या चाचणीत नापास झाले. ऑक्टोबरातही आपटले तर घरी बसावं लागेल.

इथे प्रत्येक प्रोग्रामच्या डोक्यावर ठरावीक ओळी असतात. त्या कुणी वाचत नाही, मागच्या प्रोग्राममधून उतरवून काढायच्या. तुमच्या क्षेमसारख्या.

खोकल्याला नमस्कार. रागावलात तरी लोभ कमी करू नका.
संयोगिता

॥ श्री ॥
बडोदे, २० सप्टेंबर

चि. संयोगितास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. नापास झालीस तर झालीस. मी मॅट्रिकला दोनदा बसलो, तरी कारखान्यानं मला पास करून घेतलंच. उद्यापासून नवरात्र. सोसायटीत गरब्याचे भोंगे बांधून झालेत. देवी बहिरी असावी असा मंडळाचा समज दिसतो. तुझ्या आईनं भाकऱ्या थापणं कमी केलंय, खाणारा एक घास कमी खातो म्हणून.

एखादा रविवार मोकळा मिळाला तर येऊन जा. परीक्षा बुडवून मात्र नको.

लोभ आहे, हे वेगळं लिहायला नको.
आबा

नाशिक, ३० सप्टेंबर

ती. आबांस शि. सा. न. वि. वि. इकडे सर्व क्षेम.

बहिरी देवी वाचून खोलीतल्या सगळ्या पोटभर हसल्या. म्हणजे स्वारी ठणठणीत! हायसं वाटलं. रविवारी जादा प्रॅक्टिकल असतात. सोमवारी परीक्षा, ती झाली की दिवाळीला येतेच.

तोवर लोभ जपून ठेवा.
संयोगिता

नाशिक, ३१ ऑक्टोबर

ती. आईस शि. सा. न. वि. वि.

काल सुखरूप पोचले. आबांना जाऊन तेवीस दिवस झाले. आज निकाल लागला, पास आहे.

निघताना तू सांगितलंस की शेवटचं पत्र टाकल्यापासून आबा रोज विचारायचे, पोरीनं नीट वाचलं असेल ना. दारात रिक्षा थांबली की मान वळवायचे. तेव्हा मला अर्थ लागला नाही. आज ते पत्र काढलं. आशीर्वादानंतर एकदम ‘तुझं पत्र पोचलं’. मध्ये क्षेम नाही. मी भोंग्यांवर हसत बसले.

दुपारी लॅबमध्ये एका प्रोग्रामची सगळ्यात वरची ओळ मुद्दाम गाळली. यंत्रानं लगेच सांगितलं, ओळ राहिली आहे.

माझ्यावर लोभ ठेवता आला तर ठेव.
संयोगिता