प्रवासाची रंगीत तालीम

ती. वन्संना,

धाकट्या भावजयीचा नमस्कार. तुमचं पत्र दोन आठवड्यांपूर्वी मंगळवारी पोचलं. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो हे वाचून बरं वाटलं. तोच गुडघा खिडकीच्या काचा पुसायला स्टुलावरही चढू देतो हे चार ओळींनंतर वाचलं, ते अजिबात बरं वाटलं नाही. चौऱ्याहत्तराव्या वर्षी काचा थोड्या मळक्या राहिल्या म्हणून समोरची नदी काही तुमच्याशी बोलणं टाकणार नाही. दाताचं काय झालं ते तुम्ही लिहिलं नाहीत, म्हणजे दाखवलेला नाही. दाखवून या. इकडे मी ठीक आहे. हेही ठीक आहेत. (हे दोन शब्द मी इतक्या सहज लिहिले, पण त्यांच्यामागे गेल्या बुधवारचा अख्खा दिवस खर्ची पडला आहे. तो पुढे येतोच.)

तुम्ही लिहिलंत, पाऊस ओसरला, नदीकाठचं ऊन आता अंगाला सोसवतं, तर दोघंही पंधरा दिवस या. डॉक्टरांचंही तेच म्हणणं. आमच्या या बंदराच्या गावात वाळत टाकलेला हातरुमाल दोन दिवस ओला राहतो, तिथे न्यूमोनियातून उठलेल्या माणसाची फुफ्फुसं कशी वाळायची? (फुफ्फुसं वाळत घालायची नसतात हे मला समजतं. वाक्य तुमच्या बंधूंचं आहे.) चाळीस वर्षं मोजणीदार म्हणून जगाच्या जमिनी पालथ्या घातलेला हा माणूस. जानेवारीपासून त्यांची सारी पायपीट घरापासून टपालपेटीपर्यंत, दोनशे बारा पावलं, तीही माझ्या सोबतीनं. तेव्हा मी ठरवलं, सप्टेंबरच्या चोवीस तारखेला निघायचं, आणि कामाला लागले.

आता माझी कामाची पद्धत तुम्हाला ठाऊक आहे. कॉलेजच्या परीक्षा विभागात मी एकतीस वर्षं काढली, त्यातली सतरा प्रमुख म्हणून, आणि त्या सतरा वर्षांत एकही पेपर एक मिनिट उशिरा सुरू झाला नाही. याचं श्रेय लोक माझ्या स्वभावाला देतात. ते खरं तर तालमीचं आहे. प्रत्येक परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात मी कोऱ्या कागदांचे गठ्ठे करून, खरी घंटा वाजवून, सगळ्या पर्यवेक्षकांकडून वाटपाची रंगीत तालीम करून घेत असे. प्राध्यापक मंडळी कुरकुरत, एकदोघं तर त्या दिवशी नेमके आजारी पडत, पण खऱ्या दिवशी कोणाचा हात चुकत नसे. मग सात तासांच्या बसप्रवासाला, तेही आजारातून उठलेल्या माणसासह, तालमीशिवाय निघणं मला कसं पटावं? मी यांना म्हटलं, बुधवारी तालीम. घर सोडण्यापासून बसमध्ये बसण्यापर्यंत सगळं घड्याळ लावून करायचं. हे म्हणाले, "बसमध्ये बसून परत उतरायचं?" म्हटलं, हो. म्हणाले, "बरं." (लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली. हा "बरं" मी अजून पुरता ओळखलेला नाही.)

खरे कपडे भरले असते तर चुरगळले असते, म्हणून वजनाला कागद भरायचं ठरवलं. माझ्या बॅगेत वर्तमानपत्रं मावली. यांच्या चाकांच्या बॅगेचं वजन साडेनऊ किलो ठरलं होतं, त्यासाठी जरा भरीव काहीतरी हवं होतं. निवृत्तीच्या वेळी मी जुन्या प्रश्नपत्रिकांची एक पेटी घरी आणली होती. त्याच मोजून भरल्या. त्यांच्यावर वरच्या कोपऱ्यात लाल अक्षरांत "गोपनीय" असा शिक्का आणि खाली परीक्षा विभागाचा फोन नंबर असतो, हे मला त्या क्षणी सुचलं नाही. दुसऱ्या कोणाला सुचलं नसतं तर मी त्याला काय बोलले असते, ते मला माहीत आहे.

घरातून सव्वानऊला रिक्षानं, हळू चालवायला सांगून, निघालो, नऊ पस्तीसला स्थानकावर, म्हणजे ठरल्यापेक्षा दोन मिनिटं लवकर. तुमच्या शहराकडे जाणारी नऊ चाळीसची बस फलाटाला लागलेली होती. मी यांना सांगितलं, बॅगेसकट आत चढा, पायऱ्या किती उंच आहेत ते पाहा, ऊन कुठल्या बाजूला येतं ते पाहा, आणि चौदा नंबरच्या जागेवर बसून वाऱ्याचा झोत लागतो का ते बघून खाली या. मी तोवर चौकशीच्या खिडकीशी गेले, कारण वाटेत बस किती वेळ थांबते हे कुठेच लिहिलेलं नाही. खिडकीमागचा माणूस म्हणाला, "थांबते की." किती वेळ? "थांबते तेवढी." मी म्हटलं, महाशय, आजारी माणसाला घेऊन जायचंय, मिनिटांत सांगा. तो म्हणाला, "बाई, आजारी माणूस कुठाय?" मी वळून बोट दाखवलं. जिथे बोट दाखवलं तिथे फलाट होता, आणि फलाटावर काही नव्हतं.

वन्सं, पायाखालची जमीन सरकते म्हणतात ते पुस्तकात लिहायला सोपं आहे. त्या वेळी यांचा फोन माझ्या पर्समध्ये होता (हे हरवतात म्हणून). पाकीटही माझ्याकडे होतं (हे विसरतात म्हणून). आणि यांचा श्वासाचा पंप, जो दुपारी एकला घ्यायचा असतो आणि दम लागला तर लगेच, तोही माझ्याच पर्समध्ये होता. यांच्याजवळ काय होतं, तर साडेनऊ किलो प्रश्नपत्रिका. माझा आवाज चढला असावा, कारण रांगेतली माणसं मागे सरकली. खिडकीवाल्यानं मात्र, खरं सांगायचं तर, माणुसकी दाखवली. त्यानं मला आत खुर्ची दिली आणि बस साडेबाराला धरणाच्या गावी थांबते तिथे फोन लावायला घेतला. फोन लागेना. तो पुनःपुन्हा लावत होता आणि मी समोरच्या घड्याळाकडे बघत होते. मी कुणाला सांगितलेलं नाही, तुम्हालाच लिहिते. जानेवारीत रुग्णवाहिकेची वाट बघत होते तेव्हा यांच्या छातीतून जो आवाज येत होता, तोच त्या साडेतीन तासांत मला त्या खुर्चीत सतत ऐकू येत होता. खिडकीवाल्यानं दोनदा चहा आणून ठेवला. दोन्ही गार झाले.

एक वाजून दहा मिनिटांनी माझा फोन वाजला. परीक्षा विभागात माझ्या जागेवर आलेली बाई होती, मीच शिकवून तयार केलेली, माझ्या प्रत्येक सूचनेवर मान डोलवणारी आणि मग स्वतःला हवं तेच करणारी. म्हणाली, "मॅडम, घाबरू नका. तुमचे यजमान धरणाच्या गावच्या स्थानकात आहेत. पेपरफुटीत सापडलेत." तिच्या आवाजात मला थोडी मजा वाटल्याचा भास झाला. त्या क्षणी तिनं ढोल वाजवला असता तरी मी आभारच मानले असते. माझा जीव भांड्यात पडला.

झालं होतं ते असं. चौदा नंबरच्या जागेवर झोत लागत नव्हता, ऊन मात्र छान येत होतं, आणि तुमचे बंधू त्या उन्हात दोन मिनिटांत गाढ झोपी गेले. जागे झाले तेव्हा बस गाव सोडून तासभर झाला होता. कंडक्टरनं तिकीट मागितलं तर म्हणाले, "मी फक्त तालमीला आलो होतो." कंडक्टरनं विचारलं, नाटक कुठलं? हे म्हणाले, "दिग्दर्शक खालीच राहिल्या." साहजिकच धरणाच्या गावी त्यांना स्थानकप्रमुखांसमोर उभं केलं. ना पाकीट, ना फोन, ना तिकीट. ओळखीचं काही आहे का म्हणून बॅग उघडली, तर साडेनऊ किलो "गोपनीय". त्या स्थानकप्रमुखांची मुलगी नेमकी यंदा परीक्षेला बसते आहे. त्यांनी दार लावून घेतलं आणि कागदावरचा नंबर फिरवला. आमच्या बाईंनी त्यांना वर्ष वाचून दाखवायला सांगितलं. ते सोळा वर्षांपूर्वीचं निघालं, तेव्हा म्हणे गृहस्थांचा चेहरा पडला. पेपर फुटला नाही म्हणून की मुलीच्या उपयोगाचा नाही म्हणून, ते मी विचारलं नाही.

तिनं दिलेल्या नंबरवर मी लगेच तिथे फोन केला. यांना फोनवर बोलावलं. म्हटलं, दम लागलाय का? "नाही." छाती भरून आल्यासारखी वाटते? "नाही." खोकला? "अगं, खोकायचं राहिलंच." मी बजावून सांगितलं, अडीचची परतीची बस आहे, प्रमुखांनी बसवून द्यायचं कबूल केलंय, तोवर त्या बाकावरून हलायचं नाही. ते म्हणाले, "बरं."

साडेपाचला बस आली. मी मनात सहा मुद्दे तयार ठेवले होते, पहिलाच बेजबाबदारपणावर होता. हे उतरले. गाल लाल, केस विस्कटलेले, बुटांवर धूळ. मागून दोन उतारू खिडकीतून हात हलवत होते. कोण, ते मला कसं ठाऊक असणार? मला बघून यांनी नमस्कार नाही, चमत्कार नाही, एकदम आकडाच सांगितला. "तीन हजार एकशे चाळीस." काय? "पावलं. धरणाच्या भिंतीच्या या टोकापासून त्या टोकाला आणि परत. मधे थांबलो नाही. म्हणजे एकदा थांबलो, पण ते मासे बघायला." मी म्हटलं, बाकावरून हलू नका सांगितलं होतं ना? "बाक सावलीत होता गं. डॉक्टर ऊन घ्या म्हणालेत." मी पर्समधून पंप काढून दिला. त्यांनी शहाण्या मुलासारखा घेतला. सहा मुद्द्यांपैकी मी एकही बोलले नाही. (हे वाचताना तुम्ही खुर्चीत सरळ होऊन बसल्या असाल.) आम्ही घरी चालत आलो. बॅग त्यांनी ओढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडायच्या आधीच मी यांना घेऊन त्याच्या दारात उभी होते. डॉक्टरांनी पुढून ऐकलं, मागून ऐकलं, फुंकर मारायचं ते यंत्र तीनदा फुंकायला लावलं. म्हणाले, दोन्ही बाजू स्वच्छ. पंप आता लागलाच तर. आणि माझ्याकडे वळून, "बाई, यांना आता जरा मोकळं सोडा." मी म्हटलं, यांना बांधून कोणी ठेवलंय? मी चिठ्ठी ठेवायला पर्स उघडली होती आणि डॉक्टर तिच्यात बघत होते. यांचा फोन, यांचं पाकीट, यांचा चष्मा, यांच्या किल्ल्या आणि यांचा कंगवा. कंगवा मी तिथल्या तिथे परत दिला.

तर आता ठरलेलं सांगते. चोवीस तारखेला नऊ चाळीसची बस, संध्याकाळी पावणेपाचला तुमच्याकडे. तुम्ही स्थानकावर येऊ नका, गुडघा सांभाळा. नदीकडच्या खोलीत यांची गादी खिडकीपासून दोन हात लांब टाका. सकाळी नऊ ते अकरा ऊन, मग आत. माझ्या अकरा पानी सूचना मी सोबत जोडणार होते, त्या आता चार पानांवर आल्या आहेत. पान दोनवर रेघ ओढली आहे, तिच्याखालचं वाचलं नाहीत तरी चालेल. काचा पुसू नका. आम्ही आल्यावर मी पुसेन.

उत्तर सवडीनं नको, लगेच पाठवा.

तुमची
भावजय

ता. क. वरचं सगळं, छातीच्या आवाजाच्या ओळी तेवढ्या वगळून, यांना वाचून दाखवलं आहे. इथून पुढचं दाखवलेलं नाही. वन्सं, उत्तर यांच्या नावानं पाठवा, आणि त्यात लिहा की खोलीचं काहीतरी काम निघालंय, सध्या एकाचीच सोय होईल, तेव्हा तू एकटाच ये. काम कुठलं ते तुम्ही ठरवा, फक्त भिंत पडल्याचं लिहू नका, हे मोजायला बसतील. मी स्वतः "एकटे जाल का" म्हणून विचारून पाहिलं. म्हणाले, "तुला एकटीला टाकून? छे." पण बोलता बोलता त्यांची नजर बुटांकडे गेली, ती मी पाहिली. तुम्ही बोलावलंत तर जातील. मी सांगितलं तर जाणार नाहीत, आणि गेले तर माझ्या आज्ञेनं गेले असं होईल. या वयात ते नको.

ता. क. २. हे सगळं मी त्यांच्या मोकळेपणासाठी करते आहे असं तुम्हाला वाटलं असेल. मलाही लिहिताना तसंच वाटत होतं. खरं कारण असं की जानेवारीपासून मी रात्री पुरती झोपलेली नाही. हे श्वास घेतात, मी ऐकते. एक लांबला की उठून बसते. डॉक्टर म्हणाले दोन्ही बाजू स्वच्छ, पण ते माझ्या कानांना अजून कोणी सांगितलेलं नाही. पंधरा दिवस बाजूचा पलंग रिकामा असेल, तर ऐकायला काही नसेल. मला झोपायचं आहे, वन्सं. दुसरं काही नको.

ता. क. ३. पहिल्या रात्री मात्र एकदा त्यांच्या दारापाशी थांबून ऐका. एकदाच. दुसऱ्यांदा जाऊ नका, त्याची सवय लागते. सगळं ठीक असेल तर मला फोन करू नका, मी झोपलेली असेन. आणि केलात, तर पहिल्या घंटेला उचलीन.