अप्पांचा कान

६ मार्च, रविवार दुपार

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. घरी सगळे ठीक असतील. वहिनीचा गुडघा आता कसा आहे? तिला म्हणावं, जिन्याच्या खेपा कमी कर, घर काही पळून जात नाही. लेकीचे पेपर संपले असतील तर चार दिवस तिला इकडे पाठव. मागच्या खोलीत आता जागाच जागा आहे.

माझं बरं चाललंय. दवाखान्याच्या कचेरीत काम वाढलंय, तेही एका परीनं बरंच. मोरीतला नळ परत गळायला लागला आहे. अप्पांची खुर्ची खिडकीपाशी होती तशीच ठेवली आहे. शर्ट देऊन टाकले, एक ठेवला.

फोनवर खटल्याचं काही बोलायचं नाही, असं तुझ्या वकीलसाहेबांनी बजावलंय म्हणालास. म्हणून लिहिते आहे. वाचून झाल्यावर ठेवायचं की फाडायचं ते तू ठरव.

शुक्रवारी त्यांच्याकडे जाऊन आले. गुरुवारी कोर्टात मी काय बोलायचं ते त्यांनी मला दोनदा वाचून दाखवलं. दुकानातला माल अप्पाच मागवत. प्रत्येक बेअरिंग स्वतः कानाशी धरून तपासत. त्यांचा कान शेवटपर्यंत तल्लख होता. तेव्हा बेअरिंग नकली आहेत हे त्यांना कळत होतं, आणि मुलाला, म्हणजे तुला, काही कल्पना नव्हती.

वाचून झाल्यावर ते म्हणाले, "ताई, एवढा विचार कसला करताय? गेलेल्या माणसाला तुरुंग नसतो."

मला चटकन बोलता येत नाही, तुला माहीतच आहे. जिना उतरून खाली आले तेव्हा सुचलं, की अब्रू असते.

दादा, तुझी भीती मला कळते. आधी तूच म्हणत होतास, डब्यावरच्या कंपनीच्या नावाचं भांडण आहे, तिला भरपाई दिली की सुटलो. हा फौजदारी खटला आहे आणि यात आत जावं लागतं, हे कळल्यापासून तुझं जेवण गेलंय, असं वहिनी सांगत होती. ती फोनवर रडली. अप्पा गेल्यामुळे त्यांच्यावरचा खटला मिटला आणि तू एकटा उरलास. तुला सोडवणारा माणूस म्हणून सगळे माझ्याकडे बघताहेत.

पण मला त्या छाप्याच्या दिवसाबद्दल बोलायचं आहे. मी तिथे नव्हते. तू सांगितलंस, दुकानाशेजारच्या रंगवाल्यानं सांगितलं, आणि अप्पांचे मित्र करवतवाले काका, त्यांनीही सांगितलं. तिघांचं सांगणं जुळतं. पोलिसांबरोबर कंपनीचा माणूस आला होता. फळीवरचा एक डबा उघडून त्यानं बेअरिंगच्या कडेवरची अक्षरं भिंगातून पाहिली आणि ते अप्पांपुढे धरलं. अप्पांनी नेहमीसारखं ते बोटात अडकवलं, टिचकी मारून फिरवलं, कानाशी नेलं, डोळे मिटले. दुकानात चार गिऱ्हाईकं उभी. कंपनीचा माणूस म्हणाला, "काय, कळतंय का काही?" अप्पा म्हणाले, "मला कळत नाही असं बेअरिंग अजून घडायचंय. कानाला लावल्याशिवाय इथून एक नग बाहेर जात नाही."

त्याच वाक्यावर त्यांना गाडीत बसवलं. ज्याला सगळं कळतं, त्याला हेही कळलंच असणार. जामिनावर घरी आले ते पुन्हा दुकानाकडे फिरकले नाहीत, आणि एका दुपारी खुर्चीतच गेले.

अंत्यविधीला करवतवाले काका मागे, भिंतीला टेकून उभे होते. दादा, कंपनीला त्यांनीच कळवलं. आपल्या दुकानातून नेलेलं त्यांच्या करवतीचं बेअरिंग फुटलं, पातं सुटलं, आणि कामगाराचा हात थोडक्यात वाचला. आधी ते अप्पांकडेच तक्रार घेऊन गेले होते. अप्पांनी ते हसण्यावारी नेलं, "बेअरिंगला नावं ठेवू नकोस, ग्रीस बदल." एवढी जुनी मैत्री. गर्दी पांगल्यावर काका माझ्याजवळ आले. म्हणाले, "पोरी, एकच विचारतो. त्यांना खरंच कळत होतं का गं?"

त्यांना जे सांगितलं नाही ते तुला सांगते, कारण तुला ते नवीन नाही.

अप्पांना ऐकू येत नव्हतं.

मला कळलं ते अगदी साध्या दिवशी. मी बाहेरून आले, दार दणकन आपटलं, हातातली पिशवी पडली, डबे गडगडत गेले, आणि अप्पा खिडकीतून बाहेर बघत तसेच बसलेले. मी समोर जाऊन उभी राहिले तेव्हा म्हणाले, "अगं, कधी आलीस?" मग माझ्या तोंडाकडे पाहून त्यांना समजलं, की मला समजलंय. म्हणाले, "कुणाजवळ बोलू नकोस. बेअरिंगवाल्याचा कान गेला म्हणजे दुकान गेलं." त्यानंतर मी त्यांच्याशी नेहमी समोर उभं राहून, तोंड दिसेल असं बोलायचे. घाई न करता. त्यांनी ओठांवरून बरंच ओळखायला शिकून घेतलं होतं. नाही ओळखता आलं की म्हणायचे, "बघू, बघू." वहिनीनं एकदा विचारलं, आमटीत मीठ जास्त झालंय का, तर म्हणाले, "पुढच्या आठवड्यात बघू." आपण सगळे केवढे हसलो होतो. मीही हसले.

बेअरिंग मात्र ते कानाशी धरतच राहिले. गिऱ्हाईकाला तेच हवं असायचं. कचरा अडकला असेल तर बोटाला लागायचा, ती बोटं चांगली होती. पण वरून गुळगुळीत आणि आतून हलक्या प्रतीचं बेअरिंग बारीक आवाजावरूनच ओळखायचं असतं, हे त्यांनीच आपल्याला लहानपणी शिकवलं. तुला जास्त, मला थोडं.

हे फक्त मला माहीत आहे अशी माझी समजूत होती. दुकानाचं सील निघालं तेव्हा अप्पांचा चष्मा आणायला गेले. ड्रॉवर उघडला तेवढ्यात फोन वाजला आणि समोरच्या भिंतीवरचा लाल दिवा लागला. फोन थांबला, दिवा विझला. तो तूच लावला होतास. मी विचारलं तेव्हा म्हणालास, "दुकानात गोंगाट असतो, फोन कळत नाही." आपली गल्ली एवढीशी, समोर शिंपी आणि बाजूला रंगवाला. गोंगाट कुठला, दादा?

दिवा तू मायेनंच लावलास, असं मला अजूनही वाटतं. गिऱ्हाइकांसमोर त्यांची फजिती होऊ नये म्हणून. त्यांना न दुखवता, न विचारता. मला हे सुचलं नव्हतं, तुला सुचलं. त्या दुपारी मला तुझं कौतुक वाटलं, आणि घरी येईपर्यंत दुसरंच काही आठवायला लागलं.

एकदा अप्पांचा जेवणाचा डबा विसरला म्हणून मी तो द्यायला आले होते. त्या दिवशी मनगटावर मोठं घड्याळ घातलेला तो माणूस दुकानात बसला होता. स्वस्तातला माल आणून देणारा तो हाच, हे मला नंतर कळलं. मी त्याला त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. दिवा तेव्हा भिंतीवर होता, कारण तो माणूस त्याच्याकडेच मान वर करून बघत होता. पायरीपर्यंत तुमचं बोलणं ऐकू येत होतं. शब्द कळले नाहीत, पण आवाज चढे होते, भाव ठरवताना असतात तसे. अप्पा तुझ्यापासून हातभर अंतरावर, तुमच्याकडे पाठ करून फळ्या पुसत होते. मी आत पाऊल टाकलं आणि तुम्ही दोघं गप्प झालात.

दादा, अप्पांसमोर तुम्ही मोठ्यानं बोलत होतात. गप्प झालात ते मला बघून.

तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. तू म्हणालास, "ये ये, डबा आणलास का?" आणि त्या माणसानं मला नमस्कार केला. आता भांडी घासताना, कचेरीत कागद लावताना, तीच एक गोष्ट डोळ्यांसमोर येते. मी उलटसुलट करून पाहिली. तुझ्या बाजूनं विचार करून पाहिला. काही केलं तरी ती सरळ होत नाही.

आणखी एक शंका आहे, ती लिहू की नको असं झालंय. रंगवाला म्हणतो, बेअरिंग कानाशी नेण्याआधी अप्पांनी एकदा तुझ्याकडे पाहिलं. तू मान खाली घातलीस. मग ते बोलले. कदाचित ते वाक्य त्यांच्या जुन्या तोऱ्याचं असेल. चार गिऱ्हाइकांपुढे त्यांनी चोर म्हणवून घेतलं असतं, बहिरा म्हणवून घेतलं नसतं. पण कदाचित त्या क्षणी तुझ्या मानेवरून त्यांना सगळं कळलं असेल, आणि त्यांनी ते स्वतःवर ओढून घेतलं असेल. यातलं खरं कुठलं, हे आता कोणीच सांगू शकणार नाही. जामिनावर घरी आल्यावर त्यांनी तुझ्याबद्दल एक शब्द काढला नाही. मीही विचारलं नाही. समोर उभी राहिले की ते डोळे मिटून घ्यायचे.

तेव्हा गुरुवारचं असं आहे. वकीलसाहेबांनी वाचून दाखवलेलं मी बोलणार नाही. त्यांनी मला बोलावलं नाही, तर सरकारी वकिलांकडे मी आपण होऊन जाईन. अप्पांचा कान गेला होता हे सांगेन. दिव्याबद्दल सांगेन. डब्याच्या दिवशी जे पाहिलं, तेवढंच सांगेन, त्यात माझ्या पदरचं काही घालणार नाही. अप्पांनी जन्मभर जे झाकलं ते मी भर कोर्टात उघडं करणार आहे. त्याबद्दल त्यांनी मला माफ केलं नसतं, हेही मला माहीत आहे.

गुरुवारला अजून चार दिवस आहेत. माझ्याआधी तू स्वतः सांगितलंस तर मला उभं राहावं लागणार नाही. वकीलसाहेब म्हणतील, वेडे झालात का. त्यांना अप्पा माहीत नव्हते. शिक्षा झालीच तर वहिनी आणि लेक इथे येऊन राहतील, मागची खोली मी आजच झाडून घेतली. तू सुटून आलास की तूही इथेच ये. यात बदल नाही, तू काहीही ठरव.

रागावून फोन करू नकोस. यायचं असेल तर ये, चहा टाकीन.

नाहीच आलास, तर गुरुवारी मी तुझ्यासमोर उभी राहून बोलेन. अप्पांशी बोलायचे तशी. तोंड दिसेल असं, घाई न करता. तुला तर सगळं ऐकू येतं.

तुझी आणि अप्पांचीही,
धाकटी