सगळ्यायले लागू

अमरावती, ३ अक्टोबर १८६४
तहसील कचेरीच्या दवंडीचा मजकूर मीच लिहिला! कसब्यात जो कोणी बाईमाणूस रोजानं लावील त्यानं तीन आण्यांहून कमी देऊ नये, देईल त्याला दंड. बरं झालं. जो तो कापूस पेरतो, ज्वारी महागली, आणि शेटजी मात्र सरकी काढणाऱ्या बायांना जुनाच दर देतात.
घरी मोठ्यानं वाचून दाखवला. बायकोला, मनकर्णेला, काही कौतुक नाही. आमच्याकडे दिवसभर दळण-पाणी करते ती पार्वताबाई तेवढी पाखडता पाखडता थांबली.
"सगळ्यायले लागू हाये?"
मी म्हटलं, सगळ्यायले!

४ अक्टोबर
घोटाळा! दवंडीवाला नत्थुजी पेठ फिरून तसाच बडनेऱ्याच्या सडकेवर गेला. बाया दिसतील तिथं सांग, असं मीच त्याला म्हणालो होतो. सडकेवर सरकारी गिट्टी फोडणाऱ्या बाया — रोज दोन आणे. सगळ्यांनी हातोडे खाली ठेवले. त्यांची मुकादम मैनाबाई माझ्याकडे आली, कारण हजेरी मी घेतो. विचारून सांगतो म्हटलं.

६ अक्टोबर
तहसीलदार महादेवराव हसले. "दंड कोण करणार? सरकार सरकारला?"
दवंडी व्यापाऱ्यांपुरती, म्हणाले. सडकेचा दर वरून येतो, कापसाचा भाव चढण्याआधीचा आहे. माणूस वाईट नाही. पदरचे थोडेच देईल तो? पण दर ठरवणारा आणि न देणारा एकच असला तर बाईनं दाद मागायची कोणाकडे? लोका सांगे ब्रह्मज्ञान! दिवसभर हेच डोक्यात.

७ अक्टोबर
मैनाबाईला सांगितलं. भांडेल असं वाटलं होतं. ती गिट्टीच्या ढिगावर बसली.
"सरकारच्या बाईले भूक कमी लागते काय, रामरावजी?"
मी हजेरीची वही मिटली आणि निघालो. दुसरं काय करणार?

९ अक्टोबर
दहा बाया पेठेतल्या शेटजींच्या वखारीत सरकी काढायला गेल्या. बाकीच्यांना तिथं जागा नाही. हातोडे पुन्हा चालू. माझ्याशी कोणी बोलत नाही.

१२ अक्टोबर
गोवर्धनशेठला दंड झाला. सरकीच्या बायांना अडीच आणे देत होता. कागद मीच लिहीत होतो. तो समोर उभा — म्हणाला, लिहा, लिहा, मग सडकेचाही लिहा. मेल्याहून मेल्यासारखं झालं.
ठरलं! वर साहेबाकडे अर्ज करायचा, माझ्या नावानं. महादेवराव बिथरतील. नोकरीही जाईल. भीती वाटते, खोटं कशाला लिहू? पण मैनाबाईला तोंड दाखवायचं आहे.

१३ अक्टोबर
सकाळीच अर्जाला बसलो. 'नियम ज्यानं केला त्यानं तो आधी आपल्या दारी पाळावा.' वाक्य झकास जमलं! दोनदा वाचलं. आत जातं चालू होतं, पार्वताबाईचं दळण संपत आलं होतं.

१४ अक्टोबर
अर्ज अर्धाच आहे. काल जातं थांबल्यावर मनकर्णेला सहज विचारलं, पार्वताबाईला आपण रोजाचं काय देतो?
"एक आना अन् दोन भाकरी. काहून?"
पार्वताबाई दारातच उभी होती. दवंडी लिहिली त्याच दिवशी तिनं मला विचारलं होतं. आणि मी उत्तरही दिलं होतं.