उचलला की लागणारा फोन

३ फेब्रु.
फर्स्ट शिफ्ट करून आले तर सासूबाई मोरीत पडलेल्या. सकाळी नऊपासून! मोबाइल हातातच होता, पण कंपवातानं बोट स्क्रीनवर टिकत नाही. "दाबत होते गं मी." हाड शाबूत. नवरा, दिलीप, म्हणाला, आईला आता एकटं ठेवायचं नाही, लातूरला ताईकडे पाठवू. त्यांनी जेवणाचं ताट बाजूला सारलं.

५ फेब्रु.
चाकणला रोज गाड्यांची सर्किटं सोल्डर करते, मग एक साधा फोन नाही जमणार? नंबर नाही, स्क्रीन नाही. रिसीव्हर उचलला की थेट मला लागला पाहिजे. आत सिमकार्ड, नेटवर्क पकडणारं फोर-जीचं मॉड्यूल, बॅटरी. तळमजल्यावर रफीकभाईंचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, त्यांना चित्र दाखवलं. "हो जाएगा भाभी. जुन्या लँडलाइनचा सांगाडा पडूनच आहे." दिलीपकडून महिनाअखेरपर्यंत मुदत घेतली.

१२ फेब्रु.
नेटवर्क येतं, पण फोन लावला की सगळं बंद पडतं. चार दिवस मॉड्यूलला शिव्या. चूक माझीच. फोन लागताना ते एकदम जास्त करंट ओढतं आणि माझी वायर बारीक. जाड टाकली, शेजारी करंट साठवायला मोठा कपॅसिटर. लागला!! रफीकभाईंनी गिऱ्हाईक सोडून टाळी दिली.

१६ फेब्रु.
मोरीबाहेर बसवला, अगदी खाली, जमिनीवरून हात पोचेल असा. सासूबाईंनी उचलला. हात थरथरला, तरी लागला. मी जिन्यात.
"हॅलो, कोण?"
"मी संगीता."
"मग घरात ये की."

१९ फेब्रु.
मूर्ख मी. कामाच्या जागी मोबाइल चालत नाही, लॉकरमध्ये असतो. जेवणाच्या सुट्टीत पाहते तर घरचा मिस्ड कॉल. परत लावला, उचलेनात. सुपरवायझरला सांगून पळाले. चाकण ते काळेवाडीतलं घर, काय काय मनात... सासूबाई मटार सोलत बसलेल्या!
"किती सोलायचे विचारायला लावलेला. मग वाजला की. पण तू म्हणलीस, उचलला की फोन लागतो. वाजल्यावर बी उचलायचा का?"
चिडले. नको होतं चिडायला.

२३ फेब्रु.
प्रोग्रॅम बदलला. मी उचलला नाही तर आता रफीकभाईंच्या दुकानात वाजतो. ते हसून सांगत होते, अम्मांचा रोज अकराला फोन येतो. पडल्या-बिडल्या नाहीत, गिऱ्हाईक आलं का विचारायला.

२८ फेब्रु.
मुदत संपली. दिलीप म्हणाला, "फोन लागतो, मान्य. पण दुकान बंद असेल तेव्हा?" सासूबाई आतून म्हणाल्या, "शुक्रवारी दुपारी बंद असतंय. तवा मी मोरीकडं जातच नाही." दिलीप हसला. बराच वेळ त्यांच्यापाशी बसून राहिला.
उठताना म्हणाला, लातूर राहू दे, शुक्रवारी दुपारी फोन माझ्याकडे वाजू दे. मी लगेच प्रोग्रॅम बदलायला बसले.