भाईंच्या नावाचे पार्सल

३ फेब्रुवारी
सर्वेशने लिस्बनहून भाईंसाठी पाठवलेली श्रवणयंत्रे विमानतळाच्या कस्टममध्ये अडकली आहेत. (भाई माझे वडील. सर्वेश, आत्याचा मुलगा. शाळेची सगळी वर्षे आमच्याकडेच होता.) कुरिअरच्या बाईंचा फोन आला, सोडवून देण्याचे शुल्क सांगितले. श्रवणयंत्राला करमाफी आहे असे मी वाचले आहे. म्हणजे कर नाही, हे सांगण्याचेच पैसे. स्वतः सोडवता येते का, विचारले. "येतं. पण कोणी करत नाही."
मी करीन म्हणाले.

४ फेब्रु.
भाईंना सांगितले. ऐकू गेले नाही. खाणीच्या ट्रकवर कान गेले आहेत. पुन्हा सांगितले. आई आतून: "हिचो आवाज उंदराक आयकूं येना, आनी बापायचे कान अशे. बरें घर!" शेवटी पाठकोऱ्या कागदावर लिहून दाखवले. आम्ही बापलेकी असेच बोलतो. बहुतेकदा बोलत नाही.

७ फेब्रु.
आधार, बिल, डॉक्टरांची चिठ्ठी. कस्टमच्या साहेबांसमोर म्हणायची वाक्ये पाठ केली.

१० फेब्रु.
पार्सल भाईंच्या नावे, म्हणून त्यांना घेऊन गेले. साहेबांनी आधार पाहिले, मग पार्सल. आधारवर पुरुषोत्तम मयेकर. पार्सलवर 'भाई मयेकर'.
"हे भाई कोण?"
पाठ केलेल्या वाक्यांत हे नव्हते. साहेबांनी बाकाकडे पाहून "पुरुषोत्तम मयेकर" असे दोनदा पुकारले. भाई भिंतीवरचे विमान पाहत राहिले. मग मी हाक मारली, "भाई!" सगळी कचेरी वळली. भाईसुद्धा. उठून आले.
साहेब हसले. "पटलं. पण हाक फाइलला लावता येत नाही. दोन्ही नावांचा माणूस एकच, असा पंचायतीचा दाखला आणा."
बसमध्ये भाई: "कितक्या मोठ्यान हाक मारलीस गो!" डिचोली येईपर्यंत हे तीनदा.

११ फेब्रु.
सर्वेशचा निरोप: "भाईमामाचं नाव पुरुषोत्तम? मला कोणी सांगितलंच नाही." इतकी वर्षे त्यांच्या पंगतीला जेवला. त्याला दोष कसा द्यावा? मीही त्यांना भाईच म्हणते.

१२ फेब्रु.
मये पंचायत. सचिव म्हणाले, "पुरुषोत्तम कोण गो? तुझो आजो?"
"वडील. भाई."
"भाई? मतदारयादीत हें नाव बघून मी समजत होतो, हो माणूस गाव सोडून गेलो."
दाखला मिळाला.

१७ फेब्रु.
दाखला चालला. साहेबांनी पेटी उघडून पाहिली. कर लागला नाही. सही करताना भाईंनी 'भा' लिहायला घेतला होता. पेन वेळीच धरले.

१९ फेब्रु.
डिचोलीच्या डॉक्टर बाईंनी यंत्रे बसवून दिली. म्हणाल्या, सवय व्हायला वेळ लागतो. काहींना होतच नाही.
संध्याकाळी भाई ओसरीवर येऊन बसले. "वाच कितें तरी."
वर्तमानपत्र घेतले. माझ्या नेहमीच्या आवाजात वाचले. भाई मान हलवत होते. पण मान ते पूर्वीही हलवत, ऐकू येत नसताना.
आवाज आणखी थोडा खाली आणला आणि पुढची बातमी वाचली.