फणीची बाजू

कोपरगाव,
८ सप्टेंबर १९७१

प्रिय दादा,

मालनचा नमस्कार. इकडे सगळे बरे आहोत, तूही पुण्यात बरा असशील असं धरून चालते. आईचे गुडघे कुरकुरतात. आण्णांना साखर कारखान्याच्या नव्या चाळीच्या खिडक्यांचं काम मिळालंय. माझ्या आधीच्या पत्रांना तुझं उत्तर आलं नाही, पण रागावून लिहीत नाही. मला तुझा सल्ला हवा आहे.

नगरला बी.एस्सी.ला असताना कॉलेजच्या वाचनालयात एका जुन्या इंग्रजी मासिकात मी एक चित्र पाहिलं होतं. मोटरच्या करवतीच्या टेबलावर बसवायची लाकडी पट्टी, तिच्या टोकाला तिरके दात कापलेले, अगदी फणीसारखे. लाकूड पुढे सरकवलं की दात वाकून त्याला वाट देतात. पातं लाकूड उलटं फेकायला लागलं की तेच दात त्याला अडवतात. लाकूड पलीकडच्या उभ्या आधारपट्टीला घट्ट चिकटून चालतं, बोटं पात्याजवळ न्यावी लागत नाहीत. हे तुला का सांगते ते तुला कळेल. त्या दिवसाबद्दल लिहायचं नाही असं मी ठरवलंय.

तर अशी फणी मी केली. पहिली आंब्याची, तिचे दात दुसऱ्याच दिवशी मोडले. मग बाभळीची, ती वाकेचना, लाकूड जागचं हलेना. गनीभाई वखारवाले बघायला आले होते. आण्णांना म्हणाले, "सहादेवा, करवतीची वेणीफणी झाली, आता तेल कधी लावतो?" आण्णा हसले नाहीत. पण संध्याकाळी त्यांनी माळ्यावरून सागाची फळी काढली, सरळ रेषांची, माझ्या लग्नाच्या पाटांसाठी ठेवलेली.

आई म्हणाली, "पोरीला काय उभ्यानं लगीन लावायचं हाय व्हय?"

"तिला कुठं घाई हाय," आण्णा म्हणाले.

सागाचे दात छान झाले. रेषांच्या दिशेनेच कापले. बोटाने दाबले की वाकतात, सोडले की जागेवर येतात.

खरी अडचण पुढेच आहे. फणी बसवायची कुठे? दात पात्याच्या अलीकडे यावेत, हे आण्णांनाही पटलं. पात्याच्या शेजारी आले तर कापलेला तुकडाच पात्यावर दाबला जाईल. पण बाजू? आपली आधारपट्टी पहिल्यापासून पात्याच्या उजवीकडे, म्हणून मी फणी डावीकडे बसवली. काम झकास चाललं. परवा बघते तर आण्णांनी आधारपट्टी काढून डावीकडे नेलेली आणि फणी उजवीकडे. आता लाकूड डाव्या हाताने रेटावं लागतं. मी आकृती काढून दाखवली. ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे तसंच." मी पुन्हा फिरवली. सकाळी पुन्हा उलटी.

मला काही समजत नाही. त्यांची नजर कमी झालीय, म्हणून होतं का हे? की पोरीने पुस्तकातून शिकवावं, हे त्यांना लागलं? तुझं नाव काढलं की उठून जातात, त्यामुळे तुला विचारते हेही त्यांना सांगता येत नाही. तूच सांग, बाजू कुठली बरोबर?

तुझी,
मालन


कोपरगाव,
खंडेनवमी

प्रिय दादा,

नमस्कार. मागच्या पत्राचं उत्तर नाही आलं तरी चालेल. बाजू कुठली ते मला आज कळलं. बाकीचं सगळं मात्र जास्त अवघड होऊन बसलंय.

आज हत्यारांची पूजा. वाकस, पटाशा, रंधे धुऊन पाटावर मांडले. आण्णांनी फणीलाही हळदकुंकू लावलं. आज हत्यार चालवायचं नसतं, त्यामुळे मोटर बंद. नैवेद्याचं ताट घेऊन मी पडवीत गेले तर आण्णा मशीनपुढे उभे. उजव्या हाताची दोन बोटं तळव्यात दुमडलेली. उरलेल्या बोटांनी लाकूड नुसतं टेकवून धरलं होतं आणि डाव्या हाताने ते थांबलेल्या पात्याकडे हळूहळू सरकवत होते. अडलं की फणी जराशी हलवायची, पुन्हा सरकवायचं. पायांखाली विटा घेतल्या होत्या. तू त्यांच्यापेक्षा उंच आहेस ना.

मी ताट घेऊन तशीच मागे फिरले.

ठरवलेलं मोडून लिहिते. तू डावखुरा. आई तुझा डावा हात पदराला बांधून तुला जेवायला बसवायची. अशाच एका खंडेनवमीला आण्णांनी तुझ्या उजव्या हातात वाकस देऊन सांगितलं होतं, "सुताराचं हत्यार उजव्या हातानंच." मशीन आलं तेव्हाही उजव्यानेच रेटायला लावलं. लाकूड उलटलं, तुझी दोन बोटं गेली, आणि दवाखान्याच्या दारात चार माणसांत ते म्हणाले, "पोराचं ध्यान नव्हतं." त्यानंतर तू या घरात जेवलाच नाहीस.

आईला मघाशी सगळं सांगितलं. ती चुलीकडे बघत म्हणाली, "मला ठावं हाय. विटा आनल्या तवाच कळलं."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"त्यांनी मला कुठं सांगितलं?"

आता माझं ऐक. आण्णांना पातं नीट दिसत नाही. वर्षभर मशीन मी चालवते. हे तुझ्यापासून लपवलं, कारण ती तुझी जागा होती. सुरुवातीला नाइलाज म्हणून उभी राहिले. आता सकाळी मोटर सुरू झाली, भुशाचा वास आला की मला बरं वाटतं. आणि घोडेगावच्या शाळेतून पत्र आलंय, विज्ञान शिकवायला दिवाळीनंतर हजर व्हायचं. कॉलेजात मी मैत्रिणींना बजावायचे की शिकून शहरात बसू नका, खेड्यातल्या मुलींना शिकवा. आता मलाच बोलावणं आलंय तर पाय निघत नाही. तू आलास तर मी मोकळी होईन, या विचाराने आनंद होतो आणि लगेच मशीन सुटेल म्हणून वाईटही वाटतं. तू नाही आलास तर आण्णा त्या विटांवर किती दिवस उभे राहतील? मला नेमकं काय हवंय, खरंच कळत नाही.

फणी मात्र आता मी फिरवणार नाही. खिडक्यांचं काम रखडलं तरी चालेल.

हे पत्र आण्णांनी सांगितलं म्हणून लिहिलेलं नाही. 'ये' असं ते कधी म्हणायचे नाहीत. मीही म्हणत नाही, कारण म्हणताना मन एक होत नाही. जे पाहिलं ते तुला कळायला हवं, एवढंच.

आणि एक. तू रागाने उत्तर देत नाहीस असं मी धरून बसले होते. पाटीवर गिरवायलाही तुला उजवाच हात वापरायला लावला होता, म्हणजे लिहिणारी बोटंच गेली, हे मला आज आठवलं. दादा, डाव्या हाताने लिही. अक्षर कसंही आलं तरी मी लावून वाचीन, आण्णांनाही वाचून दाखवीन.

विटा अजून मशीनपुढेच आहेत.

तुझी,
मालन