एका थराचा केक

टारवॉटर फोर्ड, टेनेसी
१४ ऑक्टोबर

चि. होबार्टास अनेक आशीर्वाद.

मी जिवंत आहे. पुरात पडलेले फोनचे मनोरे अजून आडवे आहेत, म्हणून हे पत्र. घरातला गाळ उपसला, कोंबड्या गेल्या, ते सगळं सोसलं. पण आपल्या मूळपुरुषाचं, ज्यूबलबाबांचं जन्मघर गेलं रे.

नदीनं नेलं असतं तर नदीशी माझं भांडण नव्हतं. व्हर्लिननं नेलं. आपला सख्खा चुलतभाऊ, दिवटा मेला! नदीच्या वरच्या अंगाला तोडलेलं लाकूड त्यानं अगदी काठावर रचलं होतं. ऑगस्टात मी जाऊन सांगितलं, की पाणी चढलं तर हे कुणाच्या तरी छातीवर येईल. तर हसला, आणि मी चर्चमध्ये गाणी म्हणावीत, लाकडाचं तो बघेल, म्हणाला. पुरात तेच ओंडके धडका मारत आले आणि भिंती आडव्या करून गेले.

भिंती जाऊ देत, त्या आपल्या वडिलांनीच पुन्हा उभारलेल्या. खरा होता तो उंबऱ्याचा दगड. ज्यूबलची आई कळा सोसत तिथवरच पोचली आणि त्यावरच बाळंत झाली. अस्वलाशी झुंजलेला, गव्हर्नरला तोंडावर खोटारडा म्हणणारा आपला ज्यूबल पहिल्यांदा रडला तो त्या दगडावर. आता तो वाहत जाऊन व्हर्लिनच्याच खालच्या शेतात रुतलाय. मागायला गेले तर म्हणे, माझ्या शेतात आलं ते माझं. पर्यटकांच्या तळावर शेकोटी बांधतोय, तिच्या तोंडाशी बसवणार आहे.

मी सूड घेणार. त्याची नात टॅन्सी, आईवेगळी पोर, जिला त्यानं तळहाताच्या फोडासारखं वाढवलं, तिचं पुढच्या महिन्यात लग्न. आपल्याकडे लग्नाच्या केकला घरटी एकेक थर येतो, मध्ये सफरचंदाचं सारण, आणि केक जितका उंच तितकी त्या घराची पत. या वेळी दरीतली एकही बाई थर नेणार नाही. कुणाचं कोठार त्या ओंडक्यांनी फोडलं, कुणाची गाय मेली, त्यामुळे एकीलाही समजवावं लागलं नाही. त्याचं तोंड पडलेलं मला डोळे भरून बघायचंय.

गुडघ्याला जप. बहिणीची आठवण आटू देऊ नकोस.

तुझी
ओर्लीनाताई


डेटन, ओहायो
२६ ऑक्टोबर

ति. ओर्लीनाताईस, शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून बाबांची आठवण झाली. तेही असेच, दात घासतानासुद्धा रागात असायचे. व्हर्लिनच्या नाकावर माझी एक बुक्की लहानपणापासून बाकी आहे. म्हणशील तर येऊन देतो. त्याच्या ट्रॅक्टरच्या टाकीत साखर घाल, साखर मी पाठवतो.

पण ताई, मदत गोळा करायला तुमचे पास्टर इकडे आले होते. ते म्हणाले, पूर ओसरल्यावर तुझ्या घरात फावडं घेऊन पहिली शिरली ती टॅन्सी. हे लिहायचं तू विसरलीस वाटतं. आजोबांचं उट्टं नातीवर काढू नकोस.

रागावलीस तरी लिहीत राहा.

तुझा
होबार्ट


टारवॉटर फोर्ड
२४ नोव्हेंबर

चि. होबार्टास आशीर्वाद.

विसरले नव्हते. लिहिलं नाही, एवढंच.

केक मुरायला दोन-तीन दिवस लागतात, म्हणून मी व्हर्लिनला निरोप धाडला होता, की बुधवारपर्यंत दगड दे, गुरुवारी थर येतील. त्यानं दगड सिमेंटात बसवला.

काल लग्न झालं. टेबलावरच्या पांढऱ्या चादरीवर एकच थर, तोही टॅन्सीनं स्वतः भाजलेला. व्हर्लिनचं तोंड राखेसारखं झालं. मला हवं होतं ते मिळालं, आणि खोटं कशाला सांगू, फार गोड लागलं.

मग टॅन्सीनं सुरी घेतली. त्या एका थराचे कागदासारखे काप केले आणि प्रत्येक बाईला स्वतःच्या हातानं वाढले, नाव घेऊन, आभार मानून. कुणी तिला पोहायला शिकवलं, कुणी तिच्या आईच्या मयताला रात्रभर बसलं. माझ्यापाशी आली आणि म्हणाली, की त्या दगडावर बसवून ज्यूबलच्या गोष्टी मी तिला सांगितल्या, त्याबद्दल आभार. सगळ्या माना खाली गेल्या.

तेवढ्यावर थांबली नाही. नवऱ्याचा ट्रक काढला, लग्नाच्या झग्यानिशी चिखलात उतरून दगडाला साखळी घातली आणि ती शेकोटी मुळासकट उपटली. दगड फरफटत नेऊन जुन्या जागी टाकला. व्हर्लिन टोपी हातात धरून उभा. सगळ्यांसमोर त्याला म्हणाली, की नात की दगड हे ठरवायला त्याला अख्खा आठवडा मिळाला होता. मग माझ्याकडे वळून म्हणाली, की मला माझा दगड मिळाला, आता टॅन्सी कोण हे मी विसरावं.

ज्यूबलचं रक्त खरं कुणात उतरलं, यावर आपली दोन्ही घरं पिढ्यान्‌पिढ्या भांडली. काल सगळ्या दरीनं ते पाहिलं.

आज मी त्या दगडावर जाऊन बसले. कुणी आलं नाही.

तुझी
ओर्लीनाताई


डेटन
२ डिसेंबर

ति. ताईस सा. न. वि. वि.

जिंकलीस, पण पत्राला जिंकल्याचा वास नाही. चूल पेटव, थर भाज आणि स्वतः घेऊन जा. पोरीला बोलू दे काय बोलायचं ते.

काही झालं तरी तुझाच,
होबार्ट


टारवॉटर फोर्ड
१९ डिसेंबर

चि. होबार्टास आशीर्वाद.

तुझं ऐकलं. आईच्या निळ्या ताटात केक रचला, चांगला उंच, आणि पुरता मुरू दिला. टॅन्सीच्या दारी गेले. खिडकीचा पडदा हलला, दार उघडलं नाही. ताट पायरीवर ठेवून आले.

आज ताट परत आलं, घासूनपुसून लख्ख. आपल्यात शेजाऱ्याचं ताट रिकामं धाडत नाहीत, तुला ठाऊक आहे. तिनंही रिवाज मोडला नाही. माझ्याच केकचा एक काप ठेवला होता, कागदाएवढा पातळ, मला लग्नात वाढला होता अगदी तेवढाच.

मला रडू आलं, आणि त्या पोरीचा अभिमानही वाटला. काप उभ्यानंच खाल्ला. केक छान मुरला होता.

म्हातारीला दूर लोटू नकोस.

तुझी
ओर्लीनाताई